‘ब्लेड रनर’मधला सहावा रेप्लिकंट डेकर्ड नव्हे

‘ब्लेड रनर’ (१९८२) या चित्रपटात पोलीस अधिकारी ब्रायंट नायक डेकर्डला सांगतो की सहा रेप्लिकंट (हुबेहूब माणसासारखे कृत्रिम मानव) पळाले, त्यातला एक विजेने जळून मेला. उरले पाच. पडद्यावर मात्र रॉय, लिऑन, झोरा आणि प्रिस असे चारच! मग तो बेपत्ता सहावा म्हणजे खुद्द डेकर्ड, ही वावडी अजून फिरते.

कारण अगदीच साधं. पटकथेत मेरी नावाची आणखी एक रेप्लिकंट होती. तिचं पात्र गाळलं, संवादातला आकडा बदलायचा राहिला. (थोडं आधी हाच ब्रायंट ‘चार’ म्हणतो, तिकडे कोणी लक्ष देत नाही.) २००७च्या ‘फायनल कट’ या सुधारित आवृत्तीमध्ये दोन जळाल्याचं सांगून हिशेब जुळवला.

डेकर्ड रेप्लिकंटच आहे असं दिग्दर्शक रिडली स्कॉट म्हणतात खरे, पण त्याचा धागा डेकर्डला पडणाऱ्या युनिकॉर्नच्या (एकशिंगी घोड्याच्या) स्वप्नात आहे, या चुकलेल्या बेरजेत नाही.