काळे पट्टे, जाडी माणसं आणि टीव्हीला जोडलेला कॉम्प्युटर

आमच्याकडे पहिला रुंद टीव्ही आला त्या दिवशीच काकांनी रिमोट घेऊन सगळं चित्र ताणून लावलं, कारण बाजूला काळे पट्टे दिसतायत म्हणजे तेवढ्या काचेचे पैसे फुकट गेले ना! पुढची दोन वर्षं बातम्या देणारी बाई आमच्याच घरी तेवढी ३३ टक्के जाड दिसायची.

मुळात ४:३ (चार भाग रुंद, तीन भाग उंच) हा जुन्या टीव्हीचा आकार टीव्हीवाल्यांचा नाहीच. एडिसनच्या लॅबमधल्या विल्यम डिक्सनने १८९० च्या दशकात ३५ मिमी फिल्मवर कडेच्या चार भोकांच्या उंचीची फ्रेम धरली, तिथनं तो आला आणि पुढे टीव्हीने तोच उचलला. मग लोक घरीच टीव्ही बघत बसायला लागले, थेटरं रिकामी व्हायला लागली, तेव्हा हॉलिवूडने १९५३ मध्ये सिनेमास्कोप काढलं, म्हणजे घरच्या डब्यात मावणारच नाही असा पडदा. आणि खरंच मावला नाही, २.३५:१ चा सिनेमा ४:३ वर अख्खा दाखवायचा तर चाळीस टक्क्यांहून जास्त काच काळी, नाहीतर बाजू कापा, मग दोघं बोलत असले की एकाचं नुसतं नाक दिसणार.

रुंद टीव्हीचा १६:९ आकार ही यातली मांडवली. १९८० च्या दशकात अमेरिकेत एसएमपीटीई या सिनेमा-टीव्ही इंजिनियरांच्या संस्थेच्या कामात केर्न्स पॉवर्स या इंजिनियरने चालू असलेल्या सगळ्या आकारांचे सारख्या क्षेत्रफळाचे आयत एकावर एक ठेवून बघितले, तर सगळ्यांना पोटात घेणारा आयत आणि सगळ्यांच्या आत मावणारा आयत, दोन्ही साधारण १.७७ चे, म्हणजे १६:९ चे निघाले. म्हणजे कोणालाच धड बसत नाही पण कोणाचंच फार नुकसान नाही. पट्टे गेले नाहीत ते त्यामुळे, जुनी मालिका लावा तर डावी-उजवीकडे, स्कोप सिनेमा लावा तर वर-खाली.

कॉम्प्युटरची एन्ट्री वेगळ्या कारणाने झाली. आपल्याकडे व्हीसीडीचा जमाना, ३५२ बाय २८८ चं धुरकट चित्र आणि सिनेमाच्या दोन सीड्या, सीडी बदलायची तोच इंटर्वल. १९९९ च्या सुमाराला डिव्हएक्स (व्हिडिओ दाबून फाइल लहान करायची पद्धत) आलं आणि पूर्ण सिनेमा ७०० एमबीच्या एका सीडीत बसायला लागला, तोही बऱ्यापैकी स्वच्छ, फक्त तेव्हाच्या साध्या डीव्हीडी प्लेयरला ती फाइल कळायचीच नाही. मग पीसी हॉलमध्ये ओढत आणायचा, एस-व्हिडिओची केबल टीव्हीत घालायची, आवाजाची वेगळी, आणि आई ओरडणार की वायरीत पाय अडकतो.

आणि इतकं करून खालचा टास्कबार अर्धा गायब. पिक्चर ट्यूबच्या कडा नीट नसायच्या म्हणून टीव्ही चित्र थोडं मोठं करून कडा लपवायचे, ती ओव्हरस्कॅनची सवय एलसीडीतही राहिली, गरज नसताना (सेटिंगमध्ये ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ असं काहीतरी असतं, ते लावा). त्यात स्वस्त टीव्हीचे पॅनेल १३६६ बाय ७६८, म्हणजे एचडी व्हिडिओच्या ७२० ओळी पण नाही आणि १०८० पण नाही, काहीही लावा, ताणूनच दिसणार.

पॅरिसच्या एकोल सेंट्रालमधल्या पोरांनी १९९६ मध्ये कॉलेज प्रोजेक्ट म्हणून सुरू केलेला व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेयर २००१ मध्ये सगळ्यांसाठी खुला झाला, त्यात नुसतं ‘ए’ बटण दाबत गेलं की चित्राचा आकार बदलत जातो. काकांना तेही दाखवलंय. ते सगळे आकार एकदा फिरवून बघतात आणि शेवटी पट्टे न दिसणाराच ठेवतात.