दोन्हीकडं पाऊस पडेल का?

पेरणी खोळंबलेली असताना भाच्यानं मोबाइल पुढं केला. अंबाजोगाईला पावसाची शक्यता 70 टक्के, केजला 60. दोन्ही शिवारांत आमची जमीन आहे. "मामा, गुणाकार केला तर दोन्हीकडं एकदम पडायची शक्यता 42 टक्के ना?"

गणित बरोबर होतं, जागा चुकली होती. एका घटनेचा दुसरीशी काही संबंध नसेल तेव्हाच असा गुणाकार चालतो. अंबाजोगाई आणि केजवर तर बऱ्याचदा एकच ढग असतो.

मग खरा आकडा किती? एवढ्या माहितीवर एकच आकडा सांगता येत नाही. पण तो कुठून कुठपर्यंत असेल हे ठामपणे सांगता येतं, आणि मला यातच गणिताचं सगळं देखणेपण दिसतं.

ज्वारीचे 100 दाणे ओळीत मांडा. एक दाणा म्हणजे असाच अंदाज असलेला एक दिवस. अंबाजोगाईत पाऊस पडला त्या 70 दाण्यांना डावीकडून हळद लावा. केजच्या 60 दाण्यांना कुंकूही डावीकडूनच लावलं, तर 60 दाण्यांवर दोन्ही येतं. याहून जास्त येणार कुठून? कुंकू आहेच 60 दाण्यांपुरतं. आता पुसून तेच कुंकू उजव्या टोकाकडून लावत या. 30 कोरे दाणे मिळतात आणि संपतात. उरलेल्या 30 दाण्यांचं कुंकू हळदीवरच बसतं, कितीही टाळा. म्हणजे शक्यता 30 ते 60 टक्क्यांच्या मध्ये कुठंतरी. निदान एका शिवारात पाऊस पडण्याची शक्यता 70 आणि 60 च्या बेरजेतून, म्हणजे 130 मधून, हा आकडा वजा करून मिळते: 70 ते 100.

थोडक्यात, दोन्हीकडच्या टक्क्यांच्या बेरजेतून 100 वजा केले की खालची हद्द, वजाबाकी उणे आली तर शून्य. दोहोंतला लहान आकडा ही वरची. तिसरं गाव 80 टक्क्यांचं धरलं तर बेरीज 210 होते, गाव वाढलं म्हणून आणखी 100 असे 200 त्यातून जातात, तिन्हीकडं किमान 10. इंग्रज गणितज्ञ जॉर्ज बूल यांनी 1854 च्या ग्रंथात अशा हद्दींचा विचार केला होता. आज त्या फ्रेंच गणितज्ञ मोरिस फ्रेशे यांच्या 1935 च्या कामामुळं फ्रेशे यांच्या नावानं ओळखल्या जातात.

आमच्याकडं अजून पंचांगातलं नक्षत्राचं वाहन पाहून पेरणीचं ठरवतात. ते वाहन नक्षत्रं मोजून, नऊनं भागून उरलेल्या बाकीवरून ठरतं. त्यात ना वारा, ना बाष्प. त्याच्या भरवशावर महागाचं बियाणं मातीत घालू नये.

हद्द आणखी आवळायची तर दोन्हीकडच्या महसूल मंडळांतल्या पर्जन्यमापकांच्या जुन्या नोंदी घ्याव्यात आणि अंबाजोगाईत पडला त्या दिवशी केजला किती वेळा पडला, ते मोजावं. भाच्यानं वही काढली आहे.