जीवजाती आणि जातिउद्भव

सजीवांच्या वर्गीकरणातील पायाभूत एकक म्हणजे जीवजाती. मराठीत या शब्दाचा घोळ आहे. वर्गीकरणाच्या पुस्तकांत ‘प्रजाती’ ही जातीच्या वरची पायरी असते; वृत्तपत्रे मात्र जातीलाच सर्रास प्रजाती म्हणतात. या नोंदीत ‘जाती’ हाच शब्द ठेवला आहे.

पूर्वी जाती ठरे ती रूपावरून. जीवाश्मांच्या बाबतीत आजही दुसरा इलाज नाही. पण रूप फसवते. खुद्द आधुनिक वर्गीकरणाचा जनक लिनीअस याने 1758 मध्ये मॅलार्ड या एकाच बदकाला दोन जाती समजून दोन नावे दिली होती. 1942 मध्ये जीवशास्त्रज्ञ एर्न्स्ट मायर यांनी कसोटी बदलली: ज्यांचे आपसांत प्रजनन होते आणि इतर समूहांशी होत नाही, अशा जीवांचा समूह म्हणजे जाती. घोड्याची गुणसूत्रे 64, गाढवाची 62. खेचराच्या वाट्याला 63 येतात, त्यांच्या जोड्या नीट लागत नाहीत आणि ते बहुधा वांझ राहते. म्हणून घोडा व गाढव या दोन जाती.

ही व्याख्या सोयीची खरी, पण अपुरी आहे. जीवाणूंमध्ये लैंगिक प्रजननच नसते. वनस्पतींत भिन्न जातींचे सुपीक संकर सर्रास आढळतात. त्यामुळे वंशावळ, डीएनए, अधिवास यांवर बेतलेल्या इतर व्याख्या पुढे आल्या आणि आज त्यांची संख्या वीसच्या वर आहे.

नव्या जातीचा उद्भव बहुतेकदा ताटातुटीतून होतो. सुमारे 30 लाख वर्षांपूर्वी उत्तर व दक्षिण अमेरिकेला जोडणारी पनामाची संयोगभूमी वर आली आणि एका समुद्राचे दोन झाले. दोन्ही बाजूंच्या कोळंब्या आज दिसायला जवळपास सारख्या आहेत, पण एकत्र ठेवल्या तर बहुधा भांडतात. पिले क्वचितच होतात.

ताटातूट नसतानाही फाटाफूट होऊ शकते का, यावर मोठा वाद झाला. त्यात ‘ऱ्हॅगोलेटिस पोमोनेला’ या उत्तर अमेरिकी फळमाशीची साक्ष महत्त्वाची ठरली. ही माशी मुळात हॉथॉर्न या काटेरी झाडाच्या फळांवर जगणारी. युरोपीय वसाहतकऱ्यांनी सफरचंद आणले आणि 19व्या शतकाच्या मध्यास काही माश्या त्यावर गेल्या. या माशीचे मीलन फळावरच होते, अंडी सालीखाली घातली जातात, अळी गळलेल्या फळातून मातीत उतरून कोश करते. सफरचंद तीन-चार आठवडे आधी पिकते आणि माशीचे आयुष्य काही आठवड्यांचेच. साहजिकच दोन्ही गटांच्या गाठी कमी पडू लागल्या; जनुकांतही फरक दिसतो. या दोन जाती म्हणाव्यात का? अजून नाही, फाटाफूट अर्ध्यावर आहे.

वनस्पतींत मात्र हे काम एक-दोन पिढ्यांत उरकते. संकरात गुणसूत्रांचे संच दुप्पट झाले की तो सुपीक होतो आणि मूळ झाडांशी त्याचे जमेनासे होते. युरोपातून अमेरिकेत गेलेल्या ‘ट्रॅगोपोगॉन’ या फुलझाडाच्या तीन जातींपासून अशाच दोन नव्या जाती 20व्या शतकात तयार झाल्या, 1950 मध्ये त्यांची शास्त्रीय नोंद झाली.

फळमाशीचे प्रकरण माशीपाशी थांबत नाही. तिच्या अळ्यांवर वाढणारी एक परजीवी गांधीलमाशीही आता हॉथॉर्नची आणि सफरचंदाची अशी वेगळी होऊ लागली आहे.