कर्ज थकण्याचा अंदाज आणि त्याची पडताळणी : मागची दीडशे वर्षे

पुण्यात खराडी, मगरपट्टा, हिंजवडी भागातल्या अनेक ऑफिसांत काही लोकांचे रोजचे काम म्हणजे दुसऱ्याने बांधलेले कर्जाचे मॉडेल तपासणे. येत्या वर्षभरात ग्राहकाचे हप्ते थकण्याची शक्यता किती, हे ते मॉडेल आकड्यात सांगते. तो आकडा भरवशाचा आहे का, हे बघणारी टीम वेगळी असते. या कामाला मॉडेल व्हॅलिडेशन म्हणतात. काम नव्या जमान्याचे वाटते. पण ज्या चुकीमुळे त्याची गरज पडली, ती पुणे जिल्ह्याने फार आधी भोगली आहे: भरभराटीच्या वर्षांवरून माणसाची पत ठरवायची आणि पडत्या काळातही ती तशीच राहील असे धरून चालायचे.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध सुरू होते. तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून मुंबई इलाख्यातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईचे व्यापारी सावकारांना पैसा पुरवू लागले आणि सावकार शेतकऱ्यांना. कापसाखालच्या जमिनीला एकरी १०० रुपयांपर्यंत उचल मिळत होती. युद्ध संपले, भाव कोसळले आणि उधारी आटली. त्यातच सरकारने शेतसारा वाढवला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात आसपासच्या गावांतले शेतकरी जमले, त्यांनी सावकारांच्या वह्या आणि खते, म्हणजे कर्जरोखे, मागितली आणि जाळली. हे लोण अहमदनगर जिल्ह्यातही पसरले.

सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश संसदेपुढे आला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो लागू होता. त्यातली एक तरतूद मला आजही फार मोलाची वाटते. खतावर लिहिलेला आकडा मुकाट्याने मान्य न करता न्यायाधीशाने व्यवहाराच्या सुरुवातीपर्यंत मागे जायचे, मुद्दल किती आणि व्याज किती याचा हिशेब नव्याने मांडायचा. कर्ज देणाऱ्याचा हिशेब तिऱ्हाइताने उघडून बघावा, हे तत्त्व इथे कायद्यात आले. तेव्हा सांख्यिकीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, पण व्हॅलिडेशन करणारी टीम मॉडेल बांधणाऱ्यांपेक्षा वेगळी का असावी, हे ज्याला समजून घ्यायचे आहे त्याने हा कायदा जरूर वाचावा.

पुढे १९०४ मध्ये सहकारी पतपेढ्यांचा कायदा आला. १९०६ मध्ये पुण्यात कॉसमॉस बँकेची सुरुवात झाली, तर १९३५ मध्ये बँक ऑफ महाराष्ट्रची नोंदणी झाली. तरी माणसाची पत जोखण्याची रीत बराच काळ ओळखीपाळखीची, जामीनदाराची आणि सात-बाऱ्याचीच राहिली.

आकड्यांवरून पत ठरवण्याचे शास्त्र दुसरीकडे घडत होते. १९३६ मध्ये ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी मोजमापांवरून दोन गट वेगळे करण्याची पद्धत मांडली. १९४१ मध्ये अमेरिकेत डेव्हिड ड्युरँड यांनी तीच पद्धत फिटलेल्या आणि बुडालेल्या कर्जांवर वापरून पाहिली. १९५६ मध्ये बिल फेअर आणि अर्ल आयझॅक यांनी कंपनी काढली आणि स्कोअरकार्ड, म्हणजे ग्राहकाच्या माहितीला गुण देऊन पत ठरवणारा तक्ता, बाजारात आले. मात्र पडताळणीचा धडा मिळतो तो अमेरिकी अभ्यासक एडवर्ड ऑल्टमन यांच्या १९६८ च्या कामातून. दिवाळखोर झालेल्या ३३ आणि न झालेल्या ३३ अशा ६६ कंपन्यांवरून त्यांनी झेड-स्कोअर, म्हणजे कंपनी बुडेल का हे सांगणारा गुणांक, बांधला. दिवाळखोरीच्या एक वर्ष आधीच्या आकड्यांवर त्याने ९५ टक्के कंपन्या बरोबर ओळखल्या. ऑल्टमन तेवढ्यावर थांबले नाहीत. मॉडेल बांधताना न वापरलेल्या २५ दिवाळखोर कंपन्या त्यांनी घेतल्या आणि त्यांतल्या २४ बरोबर निघाल्या. नंतर तोट्यात गेलेल्या, तरी तगून राहिलेल्या ६६ कंपन्या घेतल्या, तेव्हा ५२ च बरोबर आल्या. म्हणजे अडचणीत असलेल्या पण न बुडालेल्या १४ कंपन्यांना मॉडेलने बुडीतच ठरवले. न पाहिलेल्या माणसांवर मॉडेल चालवल्याशिवाय ही गोष्ट कधीच कळत नाही.

पडताळणीची मापे बँकांनी बाहेरून उसनी घेतली. जोखमीच्या क्रमवारीत मॉडेल वाईट ग्राहकाला चांगल्यापेक्षा वर ठेवते का, हे दाखवणारा आरओसी आलेख दुसऱ्या महायुद्धातल्या रडारच्या कामातून आला. सांगितलेली शक्यता आणि घडलेले वास्तव यांतली तफावत मोजणारा ब्रायर स्कोअर १९५० चा, तोही हवामानाच्या अंदाजांसाठी तयार झालेला. शिवाजीनगरच्या वेधशाळेमुळे पावसाचा अंदाज आणि झालेला पाऊस ताडून बघायची सवय पुणेकरांना आहेच. इथे पावसाच्या जागी हप्ता आहे, एवढेच.

या दोन मापांतला फरक उदाहरणाने पाहू. समजा, मॉडेलने १,००० कर्जदारांच्या एका गटाला २ टक्के शक्यता दिली. म्हणजे २० जण थकायला हवेत. प्रत्यक्षात ३४ थकले. निव्वळ योगायोगाने ही संख्या साधारण ११ ते २९ च्या दरम्यान हलते, तेव्हा ३४ ला नशीब म्हणता येणार नाही. तरीही याच मॉडेलचा आरओसी उत्तम असू शकतो, कारण गटागटांची क्रमवारी बरोबर आहे, फक्त सगळेच आकडे कमी धरले गेले आहेत. कर्ज द्यायचे की नाही एवढाच प्रश्न असेल तर हे एकवेळ चालते. पण बुडणाऱ्या कर्जांसाठी किती पैसा बाजूला ठेवायचा, म्हणजे तरतूद किती करायची, हे त्या आकड्यावरून ठरत असेल तर बँक उघडी पडते. चांगल्या वर्षांच्या डेटावर बांधलेले मॉडेल बहुतेक वेळा याच दुसऱ्या, म्हणजे आकडा आणि वास्तव जुळण्याच्या, कसोटीवर नापास होते.

तपासणी सक्तीची झाली ती टप्प्याटप्प्याने. अमेरिकेत १९७४ च्या समान कर्जसंधी कायद्याखालच्या नियमांनी स्कोअरकार्ड सांख्यिकीच्या दृष्टीने पक्के असावे आणि ठरावीक काळाने पुन्हा तपासावे असे बजावले. २००४ च्या बासेल-२ या बँकांच्या भांडवलाविषयीच्या आंतरराष्ट्रीय नियमांनी बँकांना भांडवलासाठी स्वतःचे अंदाज वापरायची मुभा दिली, पण डिफॉल्टच्या, म्हणजे कर्ज थकण्याच्या, अंदाजासाठी निदान ५ वर्षांचा डेटा आणि नियमित पडताळणी अशा अटी घातल्या. त्यानंतर २००७-०८ चे आर्थिक संकट आले. घरांच्या किमती चढत असतानाच्या वर्षांवर बेतलेले गृहकर्जाचे अंदाज किमती उतरताच फोल ठरले. १८६५ च्या कापसाचीच ही गत. २०११ मध्ये अमेरिकेच्या नियामकांनी मॉडेलच्या जोखमीबाबत सविस्तर मार्गदर्शन काढले, त्याचा गाभा होता स्वतंत्र माणसांनी मॉडेलला परिणामकारक आव्हान देणे.

आपल्याकडे कर्जदारांच्या परतफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या सिबिलची स्थापना २००० मध्ये झाली. डिफॉल्टची व्याख्याही स्थिर नव्हती. मार्च २००४ पासून ९० दिवसांहून अधिक थकलेले कर्ज एनपीए, म्हणजे अनुत्पादक, ठरू लागले. त्याआधी ही मुदत १८० दिवसांची होती. म्हणजे १२० दिवस थकलेला कर्जदार आधीच्या नोंदीत 'चांगला' आणि नंतरच्या नोंदीत 'वाईट'. दोन्ही वर्षांचा डेटा एकत्र केला तर मॉडेल काय शिकेल?

२०१८ पासून मोठ्या एनबीएफसींना (बँक नसलेल्या वित्तकंपन्यांना) इंड-एएस १०९ या हिशेबाच्या मानकानुसार अपेक्षित तोट्याची तरतूद आधीच करावी लागू लागली, आणि थकण्याच्या शक्यतेचा आकडा थेट ताळेबंदात आला. ऑगस्ट २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या मॉडेलांबाबत मसुदा काढला. संचालक मंडळाने मंजूर केलेले धोरण, वापरापूर्वी स्वतंत्र पडताळणी आणि वर्षातून किमान एकदा आढावा, असे त्याचे स्वरूप होते.

सध्याच्या टीमपुढचा सर्वांत अवघड डेटा २०२० चा आहे. मार्च ते ऑगस्ट या सहा महिन्यांत हप्ते लांबवण्याची सवलत होती आणि ती घेणाऱ्यांचे थकलेले दिवस मोजले गेले नाहीत. कमाई थांबलेला रिक्षाचालक आणि नियमित पगार असलेला क्लार्क त्या नोंदींत सारखेच निर्दोष दिसतात. ते महिने वगळायचे, की निरीक्षणाची मुदत २०२१ च्या अखेरीपर्यंत ताणायची, की सवलत घेतलेल्यांचा गट वेगळा काढून त्यांचे पुढचे हप्ते पाहायचे, हे व्हॅलिडेशनच्या अहवालात कारणांसह लिहावे लागते. माझे मत तिसऱ्या वाटेच्या बाजूने आहे. वाईट काळात कोण तगले, याची इतकी ताजी नोंद दुसरी नाही, आणि ती टाकून दिली तर मॉडेलकडे पुन्हा फक्त चांगली वर्षे उरतात.