भोजनगृह नूतनीकरण, विद्यापीठीय (मराठवाडा)

भोजनगृह नूतनीकरण, विद्यापीठीय : वसतिगृहाची जुनी मेस मूळ बांधणी शाबूत ठेवून आजच्या विद्यार्थ्यांच्या सोयीची करण्याचे काम. मराठवाड्यात उच्च शिक्षण उशिरा पोचले. औरंगाबादचे (आताचे छत्रपती संभाजीनगर) शासकीय महाविद्यालय १९२३ चे, मिलिंद महाविद्यालय १९५० चे, मराठवाडा विद्यापीठ १९५८ चे. त्यामुळे इथली ‘जुनी’ मेस बहुधा साठ-सत्तर वर्षांचीच असते. खेड्यांतून आलेली, घरात पहिल्यांदाच शिकणारी मुले तिथे एका पंगतीला जेवली; अशा वास्तूचे मोल नक्षीकामापेक्षा त्यात आहे.

भिंती काळ्या दगडाच्या, चुन्यात बांधलेल्या. छत अनेकदा लोखंडी गर्डरांवर बसवलेल्या शहाबादी फरशीचे. शहाबादही १९५६ पर्यंत मराठवाड्यासारखे हैदराबाद राज्यातच होते. अशा भिंतीला सिमेंटचा गिलावा दिला की ओल आत कोंडते आणि दोन-चार पावसाळ्यांत पोपडे सुटतात. तरी ठेकेदार तोच देतात, कारण चुना मळणारा गवंडी सहजी मिळत नाही.

रंगरंगोटीच्या आधी भिंत तपासायला हवी. जाड दगडी भिंत दिसते एकसंध, पण असते दुपदरी : आत-बाहेर दगडांचे थर आणि मध्ये चिपा-मातीची भर. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात अशा भिंतींचे पदर सुटून घरे कोसळली. उपाय फार खर्चिक नाही. ठरावीक अंतरावर दगड काढून आरपार भोक पाडायचे, त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई ठेवून काँक्रीट भरायचे. दोन्ही पदर बांधले जातात. दारे-खिडक्यांच्या वर चारही भिंतींभोवती सळईजाळीचा पट्टा दिला की खोके पक्के होते.

स्वयंपाकघरात चुलीच्या जागी गॅस आला, तरी छताची काजळी आणि उन्हाळ्यातली काहिली राहतेच; धूर खेचणारे पंखे आणि वरचे झरोके मोकळे करणे दोन्ही लागते. नकाशात हमखास उभे ओटे काढतात. ज्वारीची भाकरी मात्र बायका परात पुढ्यात घेऊन बसून थापतात, तेव्हा बैठी जागा राखावी लागते. सांडपाण्याच्या वाटेवर तेलकट गाळ अडवणारी टाकी नसेल, तर नळ्या तुंबतात.

विद्यार्थ्यांच्या गरजाही बदलल्या. खाडे वहीऐवजी मोबाइलवर मांडले जातात. जेवणे उरकल्यावर स्पर्धा परीक्षेची मुले तिथेच अभ्यासाला बसतात. त्यांना उजेड आणि चार्जिंगची सोय हवी. गावाहून एसटीने येणारे डबे ठेवायला जाळीचे कपाट लागते. दिव्यांगांसाठी उतार करणे २०१६ च्या कायद्यानुसार आवश्यक आहे.

वेळापत्रकाची अडचण इथली खास. वसतिगृह रिकामे होते मे महिन्यात आणि पाण्याची टंचाईही तेव्हाच; चुन्याचे काम तर कित्येक दिवस ओले ठेवावे लागते. म्हणून उन्हाळ्यात गर्डर, वायरिंग, फरशी अशी कोरडी कामे उरकून चुन्याचे काम दिवाळीच्या सुट्टीवर टाकणे सोयीचे पडते.