ओमेरो आरिद्हिस

मेक्सिकन कवी, कादंबरीकार आणि पर्यावरण चळवळीचे कार्यकर्ते. जन्म ६ एप्रिल १९४० रोजी मिचोआकान राज्यातील कोन्तेपेक या गावी. वडील ग्रीक, आई मेक्सिकन. पाच भावांत ओमेरो सर्वांत धाकटे. वयाच्या दहाव्या वर्षी शॉटगन हाताळताना ती अचानक उडाली आणि त्यांच्या पोटाला गंभीर दुखापत झाली. या जीवघेण्या अपघातानंतर ते पुस्तकांत रमले आणि कविता लिहू लागले.

कोन्तेपेकच्या माथ्यावर आल्तामिरानो हा डोंगर आहे. कॅनडा आणि अमेरिकेतून हजारो किलोमीटर उडत आलेली मोनार्क फुलपाखरे नोव्हेंबरच्या सुमारास या भागातील फर वृक्षांवर उतरतात आणि मार्चपर्यंत राहतात. थंडीत ती फांद्यांवर दाटीवाटीने लगडतात, ऊन तापले की हजारोंनी हवेत उठतात. लहानपणी पाहिलेले हे दृश्य आरिद्हिस यांच्या कवितेत वारंवार येते. त्या डोंगरावरची झाडे तुटू लागली, तेव्हा त्यांनी नुसती कविता लिहून समाधान मानले नाही, आणि त्यांचे वेगळेपण इथेच आहे.

‘मिरान्दोला दोर्मिर’ (१९६४) या काव्यासाठी त्यांना मेक्सिकोतील मानाचा हाविएर व्हियाउरुतिया पुरस्कार ऐन विशीत मिळाला. १९६६ मध्ये ओक्ताव्हियो पास, आली चुमासेरो आणि होसे एमिलियो पाचेको यांच्यासह त्यांनी ‘पोएसिया एन मोव्हिमिएन्तो’ हे आधुनिक मेक्सिकन कवितेचे संकलन संपादित केले. पुढे नेदरलँड्स आणि स्वित्झर्लंड येथे ते मेक्सिकोचे राजदूत होते. पंधराव्या शतकातील स्पेनमधून झालेल्या ज्यूंच्या हकालपट्टीवरची ‘१४९२’ ही त्यांची गाजलेली कादंबरी.

१९८५ मध्ये मेक्सिको सिटीच्या विषारी हवेविरुद्ध त्यांनी लेखक-कलावंतांना एकत्र आणून ‘ग्रुपो दे लोस सिएन’ (शंभरांचा गट) स्थापन केला. पास, हुआन रुल्फो, गाब्रिएल गार्सिया मार्केस यांसारखी माणसे त्यात होती. पत्रके काढायची, वृत्तपत्रांतून लिहायचे, सरकारला जाब विचारायचा, हे काम गटाने चिकाटीने केले. १९८६ मध्ये मोनार्कच्या हिवाळी जंगलांना, आल्तामिरानोसह, सरकारी संरक्षण मिळाले. १९९० मध्ये समुद्री कासवांच्या शिकारीवर आणि व्यापारावर बंदी आली. करड्या देवमाशांची पिल्ले जिथे जन्मतात, त्या सान इग्नासिओ खाजणाकाठी होऊ घातलेला प्रचंड मिठागर प्रकल्प २००० मध्ये रद्द झाला, त्यातही गटाचा मोठा वाटा होता. करड्या देवमाशावर आरिद्हिस यांची कविताही आहे.

१९९७ ते २००३ या काळात ते ‘पेन इंटरनॅशनल’ या जागतिक लेखक संघटनेचे अध्यक्ष होते, त्यानंतर युनेस्कोत मेक्सिकोचे राजदूत. मोनार्कच्या अळ्या मिल्कवीड या, आपल्याकडच्या रुईच्या कुळातल्या, वनस्पतीवरच जगतात. अमेरिकेतील शेतांमधून तणनाशकांनी ती नाहीशी होऊ लागल्यावर आरिद्हिस यांनी २०१४ मध्ये शास्त्रज्ञ आणि लेखकांच्या सह्या मिळवून मेक्सिको, अमेरिका व कॅनडाच्या नेत्यांना पत्र पाठवले. फुलपाखरांच्या वाटेवर मिल्कवीडचा सलग पट्टा राखावा, ही त्यातली मागणी होती.