पोराच्या मागे धावू नका

पंक्चरचं सोल्युशन फडक्यावर घेऊन नशेसाठी हुंगत बसलेलं पोर दिसलं तर त्याच्या मागे धावू नका. ओरडू नका, काठी आपटू नका. सोलापूर स्टेशनबाहेर किंवा एसटी स्टँडच्या मागे कुणीतरी "ए, थांब रे!" म्हणत अंगावर गेलं की पोर जीव खाऊन पळतं आणि बघ्यांना वाटतं, बरी अद्दल घडली. पण त्या पळण्यातच त्याचं हृदय बंद पडू शकतं.

सोल्युशन, थिनर, व्हाइटनर यांत टोल्युइनसारखी द्रावकं असतात. त्यांची वाफ फुप्फुसातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत काही सेकंदांत पोचते. तीच वाफ हृदयाच्या स्नायूला अॅड्रेनलिनच्या बाबतीत भलतंच हळवं करून ठेवते. एरवी घाबरलं की अॅड्रेनलिन वाढतं आणि छाती धडधडते, एवढंच. इथे मात्र ठोक्यांचा ताल बिघडतो, हृदय नुसतं थरथरत राहतं आणि रक्त पुढे ढकलतच नाही. अमेरिकेत मिलार्ड बास या डॉक्टरने 1970 साली अशा 110 अचानक मृत्यूंची नोंद प्रसिद्ध केली. असा मृत्यू पहिल्यांदाच वास घेणाऱ्यालाही येऊ शकतो, सराईत असायची गरज नाही.

जे मरत नाहीत त्यांचं नुकसान सावकाश होतं. मेंदूतल्या मज्जातंतूंवर चरबीयुक्त आवरण असतं, मायलिन. ते विशीपर्यंत, त्यापुढेही घडत असतं. टोल्युइन चरबीत सहज मुरतं आणि नेमकं याच आवरणाला बाधतं. वर्षानुवर्षं हुंगणाऱ्याची चाल अडखळते, लक्षात राहीनासं होतं.

एम्सच्या पुढाकाराने झालेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल 2019 मध्ये आला. हुंगायच्या नशेचं प्रमाण प्रौढांत 0.58 टक्के, तर 10 ते 17 वयोगटात 1.17 टक्के निघालं. मुलं मोठ्यांच्या पुढे असलेली ही एकच नशा. कारण उघड आहे. ती स्वस्त आहे, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते, आणि काही वेळ भूक, थंडी, भीती काही जाणवत नाही. दारू यातलं एवढं सगळं एवढ्या पैशात देत नाही.

सोलापूरच्या पूर्व भागातलं एखादं घर बघा. आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळायला बसलेली, फर्म्याने म्हणजे साच्याने पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा. हजार विड्या झाल्या की ब्रँचला, म्हणजे कारखान्याच्या जमा केंद्रावर, नेऊन द्यायच्या. तिथे छाट निघाली, म्हणजे खराब म्हणून विड्या नाकारल्या, की तेवढी मेहनत वाया. बाप यंत्रमागावर, बऱ्याचदा रातपाळीला. नळाला पाणी रोज नाही, काही दिवसांआड. पाण्याच्या दिवशी घागरी भरायला थोरल्या पोराची शाळा बुडते. आणि तरीही अशा घरांतली बहुसंख्य मुलं ना स्टेशनवर जातात ना सोल्युशन हुंगतात. दहावीचा निकाल लागला की 'विडी कामगाराच्या मुलीचं घवघवीत यश' अशी बातमी येतेच. (त्या बातमीत घागरी कोण भरत होतं हे कधी छापून येत नाही.)

हा चिवटपणा येतो कुठून, याचा सगळ्यात गाजलेला अभ्यास हवाई बेटांतल्या कौआई बेटावर झाला. 1955 मध्ये तिथे जन्मलेल्या 698 मुलांवर एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी चाळिशीपर्यंत नजर ठेवली. साधारण एक तृतीयांश मुलं गरिबी, घरातली भांडणं, आईबापांचं आजारपण किंवा व्यसन अशा कचाट्यात वाढत होती. त्यांतलीही तिसरा हिस्सा मुलं व्यवस्थित मोठी झाली. त्यांच्या बाबतीत पुन्हापुन्हा दिसलेली गोष्ट म्हणजे भरवशाचं एक तरी मोठं माणूस: आजी, मावशी, शेजारीण, नाहीतर शिक्षक. इथपर्यंतची गोष्ट व्याख्यानांतून सगळीकडे सांगितली जाते.

पुढची फारशी कुणी सांगत नाही. उरलेल्यांपैकी बरेच जण पौगंडावस्थेत घसरले, शाळा सुटली, पोलिसांत नावं गेली. पण तिशी-चाळिशीत गाठून पाहिलं तेव्हा त्यांतले बहुतेक सावरलेले होते. कुणी पुन्हा शिकलं, कुणी सैन्यात गेलं, कुणाला चांगला जोडीदार भेटला. चिवटपणा जन्माला येताना वाटून दिलेला नसतो, कधीकधी तो वीस वर्षं उशिरा येतो. तो येईपर्यंत पोर जिवंत मात्र राहिलं पाहिजे.

'नशा सुटत नाही तोवर निदान नुकसान तरी कमी करू' या धोरणावरचा सगळा वाद माझ्या मते इथेच येऊन थांबतो. सुईने नशा करणाऱ्या प्रौढांच्या बाबतीत आपल्याकडे हा वाद बराचसा मिटला आहे. एचआयव्ही रोखण्यासाठी नॅकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या) कार्यक्रमातच स्वच्छ सुया आणि हेरॉइनसारख्या नशेऐवजी घ्यायची ब्युप्रेनॉर्फिनची पर्यायी गोळी दिली जाते. सोल्युशनला अशी पर्यायी गोळी नाही. शिवाय अकरा वर्षांच्या पोराला 'जरा जपून हुंग' म्हणणं कुणालाच पटणार नाही. मलाही पटत नाही. प्रौढाची निवड म्हणून जे मान्य करता येतं ते लेकराच्या बाबतीत नाही, हा विरोधकांचा मुद्दा खराच आहे.

पण नुसती बंदीही पुरत नाही. 2012 मध्ये केंद्र सरकारने बाटलीतल्या व्हाइटनर-थिनरची किरकोळ विक्री बंद केली, पेनातला व्हाइटनर राहू दिला. पंक्चरचं सोल्युशन कसं बंद करणार? टायर तर रोज फुटतात. ऑस्ट्रेलियाने वेगळी वाट धरली. तिथल्या दुर्गम आदिवासी वस्त्यांत मुलं पेट्रोल हुंगायची. 2005 पासून तिथे ओपल नावाचं पेट्रोल आणलं. त्यात नशा आणणारे टोल्युइनसारखे घटक (अॅरोमॅटिक हायड्रोकार्बन) अगदी कमी, गाडी मात्र नेहमीसारखी चालते. ज्या वस्त्यांत पाहणी झाली तिथे हुंगणाऱ्यांची संख्या पुढच्या काही वर्षांत 88 टक्क्यांनी घटली. नुसत्या उपदेशावर भिस्त ठेवली नाही, वस्तूच बदलली.

आपल्याकडे ते होईल तेव्हा होईल. तोवर खरा पेच रात्रीच्या निवाऱ्याच्या दारात असतो: तोंडाला वास येत असलेलं पोर आत घ्यायचं का? बाकीची मुलं बिघडतील ही भीती खोटी नाही. माझं मत, घ्यावं. दारातच फडकं आणि ट्यूब काढून घ्यावी, मोकळ्या हवेत बसवावं, हळू आवाजात बोलावं, जेवायला घालावं आणि वेगळ्या खोलीत झोपवावं. शुद्ध हरपली तर कुशीवर वळवून 108 ला फोन करावा. रस्त्यावर एकटं सापडलं तर 1098, ही मुलांसाठीची हेल्पलाइन. आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसाने पुन्हा भेटावं, पोर पळून गेलं असेल तरी त्याला शोधत जाऊन. फक्त धावत नाही, चालत.